आधी पन्हळ, मग निर्णय

वाचकांचे पत्र

सप्रेम नमस्कार. वाईच्या जुन्या गावठाणात आमचा एकचौकी, दुमजली वाडा आहे. छपराच्या कौलांवर 1865 हे साल असल्यामुळे तो तेवढा जुना असावा, असे घरात मानतात. सासरे गेल्यापासून मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघेच येथे राहतो आणि निम्म्याहून अधिक खोल्या बंद असतात. उत्तरेकडच्या भिंतीला छातीइतकी ओल चढली आहे, गिलाव्याचे पोपडे पडतात, माडीवर दोन ठिकाणी जमिनीचे लाकडी पाट खचले आहेत. मागे 1982 साली बांधलेल्या स्वयंपाकघराच्या स्लॅबमधून सळया दिसू लागल्या आहेत. एका ठेकेदाराने सगळे पाहून "यात आता काही राम नाही" असे सांगितले. पाडकामाचे पैसे न घेता उलट लाकडाचे पैसे आम्हाला देण्याची तयारीही त्याने दाखवली. पुण्याला असलेले माझे दीर स्वतः अभियंते आहेत. वाडा पाडून चार मजली इमारत बांधावी, असे त्यांचे म्हणणे आहे. जगात सगळीकडे जुने पाडूनच नवे उभे राहते, असे ते म्हणतात. आम्ही तळमजल्यावर राहावे आणि माडीवर स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींसाठी अभ्यासिका व लहानसे ग्रंथालय काढावे, असे माझ्या मनात आहे. हा माझा भाबडेपणा आहे का? आणि एक लहानसा प्रश्न: माजघरातला सासऱ्यांचा झोपाळा ठेवता येईल का?

एक वाचक, वाई

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची कल्पना भाबडी मुळीच नाही, मात्र तिच्यात एक महत्त्वाचा बदल करावा लागेल आणि त्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिले आहे. तुमच्या पत्रातील वर्णनावरून माझे प्राथमिक मत असे झाले आहे की पुढचा, लाकडी सांगाड्याचा वाडा बहुधा दुरुस्त होण्यासारखा आहे आणि मागचे 1982 सालचे बांधकाम पाडण्यासारखे आहे. म्हणजे घरात जे जुने म्हणून धोक्याचे मानले जाते ते टिकेल आणि जे नवे म्हणून भरवशाचे मानले जाते ते काढावे लागेल, अशी शक्यता मला अधिक दिसते. हे मत जागेवर पाहणी झाल्याखेरीज पक्के मानू नका. त्या पाहणीत काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने पाहायचे, एवढेच मी येथे सांगणार आहे.

आधी कौलाविषयी. कौलांवरील 1865 हे साल वाड्याचे नाही. बासेल मिशनने त्या वर्षी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे अनेक दशके आपल्या कौलांवर ते स्थापनेचे साल उठवले. ती कौले 1890 मध्ये आलेली असू शकतात आणि 1920 मध्येही. वाड्याचे वय शोधायचे असेल, तर खरेदीखत, वाटणीपत्र आणि सिटी सर्व्हेचे जुने उतारे काढून पाहा. हे केवळ कुतूहलापोटी सांगत नाही, कारण पुढे परवानगीच्या वेळी आणि दिरांशी बोलतानाही हीच कागदपत्रे लागणार आहेत.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे पाणी. वाड्याला म्हातारपण वर्षांमुळे येत नाही, ते पाण्यामुळे येते. तुमच्या वाड्याच्या चारही सोप्यांचे, म्हणजे चौकाभोवतीच्या ओसऱ्यांचे, उतार चौकात येतात. दोन उतार जेथे मिळतात त्या चार कोपऱ्यांत पत्र्याची पन्हळ असते आणि छपराचे बरेच पाणी त्या चार पन्हळींवरून वाहते. पन्हळीचा पत्रा गंजला, तिच्यात पिंपळाची पाने साचली किंवा कुणीतरी कौले चाळताना तिची कड वाकली, की पाणी थेट खालच्या तुळईच्या टोकावर उतरते. तुळईचे टोक भिंतीत बसवलेले असल्यामुळे ते कुजते आहे हे कुणालाही दिसत नाही. म्हणून जूनमध्ये पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा छत्री घेऊन तासभर चौकात उभ्या राहा, कुठून पाणी निथळते ते पाहा, नंतर माडीवर जाऊन विजेरीच्या उजेडात त्याच कोपऱ्यांखालचे लाकूड पाहा आणि ओल्या जागांवर खडूने खुणा करून ठेवा. माडीवरचे खचलेले दोन पाट अशाच एखाद्या कोपऱ्याखाली आहेत का, हे मला कळवा. तसे असेल तर तो रोग छपराचा आहे, माडीचा नाही, आणि पन्हळ बदलल्याशिवाय पाट बदलण्यात पैसे घालवू नका.

उत्तरेच्या भिंतीची ओल वेगळी आहे. ती वरून आलेली नाही, खालून चढलेली आहे. छातीच्या उंचीला ती थांबते, यावरूनच ते कळते. येथे तुम्हाला घराबाहेर जाऊन रस्ता पाहावा लागेल. आपल्या गावांतील जुन्या आळ्यांमध्ये दर काही वर्षांनी डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर जुन्यावरच चढवला जातो. ज्या जोत्याला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, तेथे आज एकच उरलेली असते, आणि पूर्वी जोत्याच्या दगडाखालून निघून जाणारे पावसाचे पाणी आता थेट मातीच्या भिंतीला टेकते. तुमच्या दिंडी दरवाजाच्या किती पायऱ्या रस्त्याखाली गेल्या आहेत, ते सासूबाईंना विचारा. त्यांना नक्की आठवत असेल. भिंतीलगत हातभर रुंदीचा चर खणून त्यात दगडगोटे भरले आणि त्याला गटाराकडे उतार दिला, चौकातील मोरीचे तोंड मोकळे केले आणि मोरीचे पाणी भिंतीखाली मुरत नाही एवढे पाहिले, तर ही ओल हळूहळू उतरू लागते. चर भिंतीच्या पायापेक्षा खोल मात्र कदापि खणू नका आणि एका वेळी सबंध लांबी उघडी करू नका.

या ओलीचे दुसरे आणि अधिक मोठे कारण तुमच्या पत्रात एका शब्दात आले आहे: गिलाव्याचे पोपडे. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा सहसा पोपडे होऊन पडत नाही, तो भुकटी होऊन झडतो. जाड, कडक पापुद्रा सुटतो तो सिमेंटचा. म्हणजे गेल्या तीस-चाळीस वर्षांत कुणीतरी वाडा "पक्का" करण्याच्या हेतूने त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलेला आहे. कच्च्या विटांची किंवा मातीत रचलेली भिंत जमिनीतून थोडे पाणी ओढणारच, पण चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि भिंत पुन्हा कोरडी होते. सिमेंट ती वाट बंद करते. मग पाणी आत कोंडते, आणखी वर चढते, सोबत आणलेले क्षार पृष्ठभागापाशी सोडते, त्या क्षारांचे स्फटिक फुगतात आणि भिंतीला लोणा लागतो. आतली माती लगद्यासारखी मऊ होत असताना बाहेरून भिंत अगदी मजबूत दिसते, हे यातले सर्वांत वाईट आहे.

माझ्या आजोळच्या घरी मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. ओल दिसली की मामा सिमेंटचा आणखी एक हात मारून घेत. ओल एक वीत वर सरके, की पुढच्या उन्हाळ्यात गिलावाही एक वीत वर सरके. अखेर एका श्रावणात देवघराच्या बाजूची भिंत बसली, तेव्हा ढिगाऱ्यात गिलाव्याची बोटभर जाडीची अखंड पाटी उभीच्या उभी होती आणि तिच्यामागे ओली माती. घरात त्या वेळी कुणी नव्हते, हे आमचे नशीब. लाकडाचा सांगाडा मात्र जागच्या जागी उभा होता. तरीही घर पाडले, कारण ते दुरुस्त होऊ शकते असे सांगणारे त्या वेळी आम्हाला कुणी भेटले नाही. तुम्हाला एवढे लांब उत्तर लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

तेव्हा उत्तरेच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा जमिनीपासून खांद्याच्या उंचीपर्यंत, छिन्नी-हातोडीने, हलक्या हाताने काढून घ्या. यंत्र लावू देऊ नका. भिंत उघडी ठेवून सबंध एक उन्हाळा वाळू द्या. हातभर जाडीची भिंत एका उन्हाळ्यात पुरती वाळत नाही, पण ओल कोणत्या दिशेला सरकते ते कळते. पुन्हा गिलावा करायचा तो कळीचा चुना विरवून, निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरवून, वाळू आणि विटांची सुरखी घालून केलेला असावा, आणि गिलावा झाल्यावर तो दिवसेंदिवस ओलसर ठेवावा लागतो. कोरड्या चुन्याची पिशवी आणून त्याच दिवशी कालवणारा गवंडी असेल, तर त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका. वर रंग द्यायचा तोही चुन्याचाच, कारण प्लॅस्टिक रंग लावला तर सिमेंट काढून काहीच मिळवले नाही असे होईल.

लाकडाची पाहणी तुम्ही आणि तुमचे यजमान स्वतः सुरू करू शकता. एक लहान हातोडी, एक टोच्या आणि एक वही घ्या. वाड्याचा खणाखणाचा कच्चा नकाशा काढा, प्रत्येक खांबाला आणि तुळईला आकडा द्या आणि प्रत्येकावर तळाशी, मध्ये व वर हातोडीने टिचकी मारून आवाज ऐका. निकोप सागाचा आवाज भरीव आणि स्वच्छ येतो, आत पोखरलेल्याचा बसका आणि पोकळ. जेथे आवाज बदलेल तेथे टोच्या दाबून पाहा. तो चार-पाच मिलिमीटरवर अडला तर केवळ वरची साल खराब आहे, बोटभर आत गेला तर आकड्यासमोर फुली मारा. खांबाचा तळ, म्हणजे तो खालच्या दगडावर, तळखड्यावर, जेथे टेकतो तो वीतभर भाग, सर्वांत बारकाईने पाहा. पुष्कळ वाड्यांत फरशी बदलताना तळखडे नव्या फरशीखाली आणि सिमेंटखाली गाडले गेले आहेत. दगडावर कोरडा उभा राहणारा खांब त्यामुळे ओल्या खड्ड्यात उभा राहतो आणि वाळवीलाही आडोसा मिळतो. तळखडे गाडलेले असतील तर भोवतीची फरशी खांबापासून चार बोटे मागे घ्या.

खांबाचा तळ कुजला म्हणजे खांब गेला असे नव्हे. वरचा बोजा टेकूंवर घेऊन कुजलेला भाग कापतात, त्याच जातीच्या जुन्या, वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवतात आणि पोलादी बोल्टांनी आवळतात. जाणता सुतार हे काम वाडा न हलवता करतो. तुळईची भिंतीतली टोके कुजली असतील, तर दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या लावून ती वाचवता येतात. एकूण लाकडाच्या किती भागावर फुली पडली, यावर तुमचा निर्णय अवलंबून असला पाहिजे. शंभरात दहा-पंधरा फुल्या असतील तर दुरुस्ती शहाणपणाची आहे. निम्म्या खांबांवर फुल्या असतील, तर मी स्वतः तुम्हाला वाडा उतरवायला सांगेन. मात्र तेव्हाही त्याचे लाकूड सुटे करून नव्या बांधकामात वापरा, असा माझा आग्रह राहील.

येथे त्या ठेकेदाराविषयी एक शब्द लिहिणे भाग आहे. तो माणूस वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण जुन्या, संथ वाढलेल्या, शंभर वर्षे वाळलेल्या सागाला बाजारात घनफुटावर चांगला भाव आहे, हे त्याला ठाऊक आहे आणि म्हणूनच तो फुकट पाडायला तयार आहे. ज्या वाड्यात काही राम नाही त्याच्या लाकडाचे पैसे द्यायला तो स्वतःहून तयार होतो, एवढ्यावरूनच लाकूड बरे आहे असा अंदाज बांधता येतो. ज्याचा फायदा पाडण्यात आहे त्याच्याकडून वाड्याच्या प्रकृतीचे निदान घेऊ नये. लाकडी बांधकाम जाणणाऱ्या संरचना अभियंत्याकडून आणि वारसा जतनाचे काम केलेल्या वास्तुविशारदाकडून फी देऊन लेखी अहवाल घ्या. दोघांपैकी कुणालाही दुरुस्तीच्या कंत्राटात वाटा नसावा. अशी माणसे कुठे भेटतील हे वारसा जतनाचे काम करणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या जवळच्या शाखेकडे विचारता येईल.

मागच्या स्लॅबविषयी थोडक्यात लिहितो. काँक्रीट ताजे असते तेव्हा त्याच्या अल्कधर्मी स्वभावामुळे आतील लोखंड सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की तो स्वभाव नाहीसा होतो, आणि स्वयंपाकघराची वाफ व वरच्या टाकीचे पाणी असेल तर सळया गंजू लागतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे खालचे काँक्रीट फुटून पडते. अभियंत्याने काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण टाकले आणि ते गुलाबी झाले नाही, तर सळयांचे संरक्षण संपले आहे असे समजा. सळया उघड्या पडल्या आहेत त्या अर्थी ही अवस्था आधीच आलेली आहे. त्या स्लॅबखाली वावर आजपासूनच बंद करा, वरची टाकी रिकामी करा आणि स्वयंपाक काही दिवस सोप्यात हलवा. या एका बाबतीत मी पावसाळ्याची वाट पाहायला सांगणार नाही.

भूकंपाचा प्रश्न तुमच्या दिरांनी काढला नसला तरी ते काढतील आणि तो रास्त आहे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप तुमच्या वाड्याने पाहिला आहे. तो तेव्हा उभा राहिला ही चांगली खूण आहे, पण ती आजची हमी नव्हे, कारण तेव्हापासून सांधे सैल झाले आहेत आणि भिंती भिजल्या आहेत. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीत माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून आणि वरच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, प्रचंड ओझ्याखाली. त्या भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना सांधणारे आरपार दगड नव्हते, म्हणून थर सुटे होऊन फुगले. तुमचे छप्पर कौलांचे, म्हणजे हलके आहे, ही जमेची बाजू. भिंतीला ओळंबा लावून कुठे फुगवटा आहे का ते पाहावे, खांब-तुळईच्या कोपऱ्यांत पोलादी कोन बसवावेत, माडीचे पाट सगळीकडे कड्यांना, म्हणजे खालच्या आडव्या लाकडांना, घट्ट जोडावेत आणि भिंती लाकडी सांगाड्याला पट्ट्यांनी बांधून घ्याव्यात. विटा-दगडांच्या जुन्या इमारतींच्या बळकटीकरणासाठी भारतीय मानक 13935 उपलब्ध आहे. दीर अभियंते असल्यामुळे त्यांना ते वाचायला द्या. त्यांना या कामात विरोधक न मानता तपासनीस म्हणून सोबत घेतले, तर मला अधिक आनंद होईल.

"जगात सगळीकडे जुने पाडूनच नवे उभे राहते" हे त्यांचे विधान मात्र आज खरे राहिलेले नाही. फ्रान्समधील बोर्दो शहरात 1960 च्या दशकातील तीन मोठ्या इमारती, एकूण 530 सदनिकांच्या, पाडण्याऐवजी त्यांच्या दर्शनी बाजूला काचेने बंद होणाऱ्या प्रशस्त गच्च्या जोडण्यात आल्या. घरे मोठी आणि उजेडाची झाली, आणि काम चालू असताना रहिवाशांना घर सोडावे लागले नाही. त्या कामाच्या कर्त्यांपैकी अ‍ॅन लाकातों आणि ज्याँ-फिलिप वासाल यांना 2021 सालचे वास्तुकलेचे प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही ही रीत नवी नाही. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबाग वाड्यात 1821 साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे तेथे सरकारी कचेऱ्या आल्या, नगरपालिका आली, टपाल कार्यालय आले. मुंबईचे 1911 सालचे सर कावसजी जहांगीर सभागृह 1996 पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणून वापरात आहे. बाहेरचे कवच तेच ठेवून आतील रचना नवी केली आहे.

यामागे केवळ जुन्याचे प्रेम नाही. सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे दळण्याआधीचे भाजलेले खडे, तयार करण्यासाठी चुनखडी सुमारे 1450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते आणि त्या वेळी इंधनाचा धूर तर होतोच, शिवाय चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे 7 ते 8 टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. चार मजली इमारतीसाठी तुम्ही जे सिमेंट, पोलाद आणि नदीची वाळू आणाल त्यांची किंमत पैशांत दिसते, पण वाड्याच्या भिंती आणि सागाच्या खांबांत जी मेहनत, माती आणि लाकूड आधीच खर्च झाले आहे, त्यांची किंमत पाडताना कुणीच मांडत नाही. चुनाही भट्टीतच तयार होतो, पण कमी उष्णतेवर, सुमारे 900 अंशांवर, आणि भिंतीवर घट्ट होताना तो हवेतला काही कार्बन डायऑक्साइड परत घेतो.

आता तुमच्या योजनेतील बदल. तुम्ही अभ्यासिका माडीवर आणि राहणे तळमजल्यावर असे योजले आहे, ते उलटे करा. राहत्या खोलीसाठी मजल्यावर दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो बोजा धरतात, वाचनकक्षासाठी 300 आणि पुस्तकांच्या मांडण्यांच्या खोलीसाठी 600 किंवा त्याहून अधिक. तुमच्या माडीच्या कड्या घरातल्या माणसांसाठी आणि धान्याच्या कणग्यांसाठी घातलेल्या आहेत, भिंतभर पुस्तकांसाठी नाहीत. शिवाय वाड्याचा जिना भिंतीच्या जाडीत, एका माणसापुरता आणि चढाचा असतो. तीस मुले माडीवर असताना आग लागली किंवा नुसती घबराट उडाली, तरी त्या जिन्यावर काय होईल याचा विचार करा. 1879 साली पुण्यातला बुधवार वाडा आगीत नष्ट झाला आणि विश्रामबाग वाड्याचाही काही भाग जळाला. लाकडी वाडा आणि आग यांची गाठ पडू न देणे हे तुमचे पहिले कर्तव्य राहील. अभ्यासिका तळमजल्यावर, सोप्यात आणि माजघरात असावी. तिला दिंडीकडून एक आणि परसाकडून दुसरी अशा दोन मोकळ्या वाटा असाव्यात. पुस्तकांच्या मांडण्या जोत्यावर, भिंतीपासून चार बोटे सुट्या ठेवाव्यात. माडीवर तुम्ही राहा. सासूबाईंना जिना जमत नसेल तर त्यांच्यासाठी तळमजल्यावरची परसाकडची खोली वेगळी राखा.

वीजजोडणी सगळी नवी करा, लाकडावरून उघड्या तारा नेऊ नका, नळ्यांतून न्या, गळती ओळखून प्रवाह तोडणारे उपकरण बसवा आणि जुने लाकडी बटणफलक काढून टाका. अभ्यासासाठी उजेड हवा म्हणून भिंती फोडून खिडक्या पाडू नका. चौक हाच तुमच्या वाड्याचा दिवा आहे. चौकाकडची दारे दिवसा उघडी ठेवली, चौकाच्या भिंती चुन्याने पांढऱ्या केल्या आणि माडीच्या अंधाऱ्या खणांवर चार-सहा काचेची कौले घातली की दुपारपर्यंत दिवे लागणार नाहीत. छपरावर पत्रे घालण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. एप्रिलच्या उन्हात आणि आषाढाच्या पावसात पत्र्याखाली अभ्यास होत नाही. स्वच्छतागृहे मातीच्या भिंतींपासून दूर, मागच्या नव्या भागात असावीत.

तो नवा भाग हाच दिरांशी बोलण्याचा धागा आहे. 1982 चे बांधकाम उतरल्यावर परसात जी जागा मोकळी होईल, तेथे नियमात बसेल तेवढे लहान, नवे घर त्यांच्यासाठी बांधता येईल, आणि त्यातच वाड्याची स्वच्छतागृहे, पाण्याची टाकी व स्वयंपाकघर घेता येईल. वाड्यावरचा पाण्याचा सगळा भार तिकडे जाईल आणि त्यांचाही वाटा त्यांच्या हातात राहील. चार मजल्यांइतके क्षेत्रफळ मिळणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. गोड बोलून ते झाकू नका. काम सुरू करण्याआधी मालमत्ता पत्रकावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांचे लेखी संमतीपत्र घ्या आणि राहत्या जागेतून अभ्यासिका असा वापरबदल करण्यासाठी नगरपालिकेची परवानगी घ्या. पालिकेने धोकादायक इमारतीची नोटीस दिलीच, तर ती फाईलमध्ये ठेवून देऊ नका. अभियंत्याच्या अहवालासह दुरुस्तीचा आराखडा मुदतीत सादर करा.

सगळे एका वर्षात करू नका. या वर्षी पन्हळी, मोरी, चर आणि मागच्या स्लॅबची सुरक्षितता. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आणि भिंती. अभ्यासिका त्यानंतर. मराठी विश्वकोशाचे कार्यालय ज्या गावात आहे तेथे अभ्यासिकेला मुले कमी पडतील असे मला वाटत नाही. पण त्यांना ओल्या भिंतीशेजारी बसवण्याची घाई नको.

झोपाळ्याविषयी. तो जरूर ठेवा, मात्र त्याआधी तो उतरवून त्याचे आकडे तुळईत जेथे आरपार गेले आहेत ती भोके पाहा. वर्षानुवर्षांच्या हेलकाव्याने भोके लांबट झाली असतील किंवा आकड्याचा वाक झिजून निम्मा उरला असेल, तर आकडे नवे घडवून घ्या आणि तुळईच्या वरच्या बाजूला रुंद पोलादी चकती घाला, म्हणजे भार एका जागी येणार नाही. त्याच तुळईच्या दोन्ही टोकांवर टिचकी मारून आवाज कसा येतो, ते पावसानंतरच्या पत्रात लिहा. आवाज भरीव असेल, तर मुले बाहेर गेल्यावर संध्याकाळी सासूबाईंना त्यावर निर्धास्त बसू द्या.